एकच डीएनए, एकच पिंजरा, तरीही उंदीर वेगळे का?

प्रश्न असा आहे: इनब्रेड (पिढ्यानपिढ्या भावा-बहिणींच्या संकरातून वाढवलेल्या) वाणाचे उंदीर म्हणजे जवळजवळ एकमेकांच्या प्रतीच. एका वेतातले, एका पिंजऱ्यातले, एकच खाद्य खाणारे. तरी त्यातला एक अंगानं भरतो, दुसरा किरकोळच राहतो. झाकण उचललं की एक पुढे येऊन हुंगतो, दुसरा कोपऱ्यात भुशात दडतो. जनुकं सारखी, वातावरण सारखं, मग फरक येतो कुठून? आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न: लाडक्या मांजराचं क्लोन करून घेतलं तर तेच मांजर परत मिळेल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही मिळणार. का, ते पहिल्याच्या उत्तरात येईल. माझं बरंचसं काम प्रयोगशाळेतल्या उंदरांबरोबर झालंय, त्यामुळे उदाहरणं त्यांची जास्त असतील.

या प्रश्नाला सहसा मिळणारं उत्तर म्हणजे 'वातावरणात कुठे ना कुठे फरक असणारच'. हे खोटं नाही, पण फार थोडं आहे. इतकी वर्षं पिंजऱ्यांशी संबंध आल्यावर माझं मत असं झालंय की या फरकातला मोठा वाटा जनुकांच्या खात्यावरही टाकता येत नाही आणि वातावरणाच्याही नाही. शरीर घडत असताना पेशींमध्ये जे योगायोग घडतात, त्यांच्या खात्यावर तो जातो. आणि हा वाटा मोजता येतो, तो मोजलाही गेलाय.

आधी 'सारखी जनुकं' म्हणजे नक्की किती सारखी, हे थोडक्यात. इनब्रेड वाण तयार करताना सख्ख्या भावा-बहिणींचा संकर किमान २० पिढ्या केला जातो. त्यानंतर जवळपास प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती एकच होतात. अगदी शंभर टक्के साम्य मात्र कुठेच नसतं. पेशी विभागताना डीएनएच्या नकलेत अधूनमधून चूक होतेच. आइसलँडमधल्या एकसारख्या मानवी जुळ्यांच्या अभ्यासात (२०२१) जुळ्यांमध्ये गर्भाच्या सुरुवातीच्या काळातले सरासरी ५.२ बदल वेगळे निघाले. क्लोनमध्ये आणखी एक भानगड असते. केंद्रक एका प्राण्याचं आणि बीजांड दुसऱ्याचं, त्यामुळे मायटोकाँड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, केंद्रकाबाहेरच्या भागातला) डीएनए बीजांडाच्या मालकिणीचा येतो. डॉली मेंढीत तसंच झालं होतं. हे सगळं खरं असलं तरी वजनातला किंवा धीटपणातला रोजचा फरक एवढ्यानं उलगडत नाही. म्हणून हा मुद्दा इथेच सोडतो.

आता मांजर. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २२ डिसेंबर २००१ रोजी पहिलं क्लोन मांजर जन्मलं, नाव 'सीसी'. जिच्यापासून पेशी घेतली ती रेनबो तिरंगी होती: पांढरी, काळी आणि नारिंगी. सीसीच्या अंगावर मात्र नारिंगीचा ठिपकाही नव्हता. पांढऱ्यावर करड्या-तपकिरी पट्ट्या, बस्स. डीएनए तपासला तेव्हा ती रेनबोचीच प्रत निघाली. मग नारिंगी गेला कुठे?

मांजरात नारिंगी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीत एक्स दोन. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं की मादीच्या भ्रूणातली प्रत्येक पेशी फार लवकर आपल्या दोनपैकी एक एक्स बंद करून टाकते, आणि कोणता बंद करायचा ते नशिबावर असतं. एकदा बंद केला की त्या पेशीच्या साऱ्या वंशजांत तोच बंद राहतो. तिरंगी मांजराच्या अंगावरचे काळे आणि नारिंगी डाग म्हणजे त्या जुन्या निवडीचीच नोंद: इथल्या पेशींच्या पूर्वजानं हा एक्स बंद केला, तिथल्या पूर्वजानं तो. आता रेनबोची जी एक पेशी क्लोनसाठी उचलली, तिच्यात नारिंगीवाला एक्स आधीच बंद झालेला होता आणि नव्या भ्रूणात तो पुन्हा चालू झाला नाही, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे नारिंगीचं जनुक सीसीच्या प्रत्येक पेशीत होतं, फक्त ते गप्प होतं.

पांढऱ्या भागाची गोष्ट निराळी आहे. रंग तयार करणाऱ्या पेशी भ्रूणात पाठीच्या कण्याजवळ जन्मतात आणि तिथून कातडीतून चालत चालत पोटाकडे, पायांकडे पसरतात. वाटेत त्या विभागतात, काही मरतात, काही थांबतात. जिथे पोचल्याच नाहीत तिथली लव पांढरी राहते. पांढरे डाग पडायची प्रवृत्ती जनुकं देतात, पण अमुक पेशी अमुक दिवशी किती पुढे सरकली हे कुठल्याच जनुकात लिहिलेलं नसतं. म्हणून एकाच गायीच्या क्लोनांचे ठिपके कधी तंतोतंत जुळत नाहीत.

ही गोष्ट आकड्यांत मांडली गेली त्याला शंभर वर्षं होऊन गेली. स्यूअल राइट हे अनुवंशशास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी १९२० मध्ये गिनीपिगच्या पांढऱ्या ठिपक्यांचा हिशेब मांडला. पिढ्यानपिढ्या भावा-बहिणींच्या संकरातून वाढवलेल्या कुळात प्राण्या-प्राण्यांत ठिपक्यांचा जो फरक होता, त्यात आनुवंशिकतेचा वाटा नगण्य निघाला, कारण जनुकं सारखीच होती. पण एका वेतातल्या पिल्लांना समान मिळणाऱ्या वातावरणाचा वाटाही अगदी थोडा निघाला. ९० टक्क्यांहून जास्त फरक उरला तो या दोन्हींच्या बाहेरचा. राइट यांनी तो वाढीतल्या अनियमिततेच्या नावावर टाकला.

ठिपके ही वरवरची गोष्ट झाली असं कुणी म्हणेल. म्हणून वजनाकडे येतो. जर्मनीतल्या हॅनोव्हरचे संशोधक क्लाउस गेर्टनर यांनी इनब्रेड उंदरांवर सुमारे तीन दशकं एकच ध्यास घेतला होता: वजनासारख्या मोजमापांतली तफावत कमी करून दाखवायची. खाद्य, तापमान, पिंजऱ्यातली संख्या, सगळं आवळून पाहिलं. तफावत फारशी हलली नाही. मग उलट बाजूनं परिस्थिती मुद्दाम सैल, बदलती ठेवली, तरी ती फारशी वाढली नाही. १९९० मध्ये त्यांनी लिहिलं की ७० ते ८० टक्के तफावत जनुकांतूनही येत नाही आणि आपल्याला बदलता येईल अशा वातावरणातूनही नाही.

त्यांचा एक जुना प्रयोग मला सगळ्यांत सुंदर वाटतो. इनब्रेड वाणाचं एक कोवळं भ्रूण दोन भागांत विभागलं की एकसारखे जुळे मिळतात. त्याच वाणाची दोन वेगवेगळी भ्रूणं घेतली तर जनुकांच्या हिशेबात तीही तितकीच सारखी, कारण सगळा वाणच एकजात. जनुकंच सगळं ठरवत असतील तर दोन्ही जोड्यांत साम्य सारखंच हवं. तसं झालं नाही. एका भ्रूणातून आलेले दोघे एकमेकांना जास्त जवळचे निघाले. म्हणजे जनुकांपलीकडचं काहीतरी त्या एका बीजांडाबरोबर आलं होतं आणि विभागणीत दोघांच्याही वाट्याला गेलं होतं. बीजांडातलं द्रव्य, त्यात साठवलेले रेणू, पहिल्या काही विभाजनांत काय घडलं, असा तो ऐवज. फरकाची सुरुवात इतकी मागे, गर्भाशयात रुजण्याच्याही आधी होऊ शकते.

पण योगायोग, योगायोग म्हणजे नेमकं काय? इथे रेणूंच्या पातळीवर उतरावं लागतं. पेशीत एखाद्या जनुकाच्या प्रती असतात दोन. त्या जनुकाला चालू करणारे प्रथिनांचे रेणूही कधी कधी मोजकेच असतात आणि ते पेशीभर धडपडत हिंडत असतात. योग्य जागी कधी आदळतील त्याचा नेम नाही. त्यामुळे जनुक नळासारखं सतत वाहत नाही, ते झटक्या-झटक्यानं चालतं. नाणं दहा हजार वेळा उडवलं तर छाप-काटा जवळपास निम्मे-निम्मे येणार, दहा वेळा उडवलं तर सात-तीनही सहज येईल. पेशीतले अनेक निर्णय दहा वेळा उडवलेल्या नाण्यासारखे असतात. मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे डोळ्यांना दिसेल असं केलं. एकाच जिवाणूत चमकणाऱ्या प्रथिनांची दोन जनुकं घातली, रंग वेगळे पण दोन्हींना चालू-बंद करणारी यंत्रणा सारखीच. पेशीतली परिस्थितीच सगळं ठरवत असती तर दोन्ही रंग बरोबरीनं उजळले असते. प्रत्यक्षात काही पेशी एका रंगाकडे झुकल्या, काही दुसऱ्या. एकाच पेशीतही दोन सारखी जनुकं सारखी वागत नाहीत.

बहुतेक वेळा असा गोंधळ शरीर पचवतं. एका जनुकानं कमी काम केलं तर दुसरं सावरून घेतं, शिवाय लाखो पेशींची सरासरी लागते. अडचण होते ती भ्रूण लहान असताना, आणि उंबरठ्यावरच्या निर्णयांत. सी. एलेगन्स नावाचा एक मिलिमीटरचा कृमी आहे, प्रौढ उभयलिंगी कृमीत देहपेशी बरोबर ९५९. त्याच्या आतड्याच्या जडणघडणीत सुरुवातीला काम करणारं एक जनुक बिघडवलं तर विचित्र प्रकार होतो: तोच बिघाड असलेल्या काही भ्रूणांत आतडं नीट तयार होतं आणि काहींत अजिबात होत नाही. २०१० मध्ये अर्जुन राज आणि सहकाऱ्यांनी भ्रूणांतले आरएनए रेणू (जनुक चालू झालं की त्याची जी नक्कल निघते ते) एकेक करून मोजले. बिघाडामुळे मधल्या एका जनुकाचं काम भ्रूणागणिक खूप कमी-जास्त होत होतं. ज्यांच्यात ते ठराविक पातळीच्या वर गेलं त्यांच्यात पुढचं जनुक चालू झालं, बाकीच्यांत झालंच नाही. थोड्या रेणूंचा फरक, पण परिणाम मात्र आतडं आहे किंवा नाही, मधलं काही नाही.

आता एपिजेनेटिक्स. हा शब्द हल्ली कुठल्याही प्रश्नाचं उत्तर म्हणून फेकला जातो, आणि मला त्याचा थोडा कंटाळा आलाय. डीएनएवर किंवा त्याच्या गुंडाळणीवर रासायनिक खुणा बसतात आणि जनुक चालू-बंद राहायला त्या मदत करतात, हे पक्कं. एक्स बंद राहतो तोही अशाच खुणांच्या जोरावर. पण खूण म्हणजे बहुधा झालेल्या निर्णयाची जपणूक. निर्णय तसा का झाला, हा प्रश्न शिल्लकच राहतो. पिवळ्या अगूटी उंदराचं उदाहरण सगळे देतात. त्याच्या अगूटी या केसांचा रंग ठरवणाऱ्या जनुकाशेजारी डीएनएचा एक भटका तुकडा येऊन बसलाय. त्यावर मिथाइल खुणा कमी असल्या तर उंदीर पिवळा आणि लठ्ठ होतो, भरपूर असल्या तर तपकिरी आणि सडपातळ. २००३ मध्ये रॉबर्ट वॉटरलँड आणि रँडी जर्टल यांनी गाभण माद्यांना फॉलिक आम्ल, बी-१२, कोलीन, बीटेन असलेलं खाद्य दिलं आणि तपकिरी पिल्लांचं प्रमाण वाढलं. लोक एवढंच लक्षात ठेवतात. पण एकाच आईच्या, एकाच वेतातल्या, तेच खाद्य मिळालेल्या पिल्लांतही पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत सगळ्या छटा येतात, याकडे कुणी बघत नाही. आहारानं पारडं झुकलं, पण कोणतं पिल्लू कुठे पडेल ते आहारानं ठरलं नाही.

वातावरण अगदीच निकालात काढायचंय असं नाही. 'एकाच पिंजऱ्यात वाढले' हे वाक्य ऐकायला जितकं भक्कम वाटतं तितकं ते नसतं, एवढंच. मांडणीच्या वरच्या फळीवर उजेड जास्त, खालच्या फळीवर कमी. नरांच्या पिंजऱ्यात काही दिवसांत एक दांडगा होतो आणि उरलेल्यांच्या पाठीवर, शेपटीवर चाव्यांच्या खुणा दिसू लागतात. नावाला सगळे एका पिंजऱ्यात, पण दांडगा आणि दबलेला हे दोन वेगळ्या जगांत राहत असतात. गर्भाशयात दोन नरांच्या मध्ये वाढलेल्या मादीला शेजाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन मिळतं आणि पुढे तिच्या वागण्यात ते दिसतं. १९९९ मध्ये तीन प्रयोगशाळांनी तीच वाणं, तीच उपकरणं, तेच वेळापत्रक ठेवून उंदरांच्या वर्तनाच्या चाचण्या केल्या, तरी काही चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेगणिक वेगळे आले. २०१४ मध्ये तर दिसलं की चाचणी घेणारा पुरुष असेल तर त्याच्या वासानंच उंदरांवर ताण येतो आणि वेदनेची प्रतिक्रिया दबते. आमच्या कामात हे कळल्यावर कोण पिंजरा हाताळतं याचीही नोंद ठेवणं आलं.

दोन्ही गोष्टी एकमेकींत कशा मिसळतात ते ड्रेस्डेनच्या प्रयोगात छान दिसतं. २०१३ मध्ये गेर्ड केम्परमान यांच्या गटानं एकाच वाणाच्या ४० माद्या एका मोठ्या, अनेक मजल्यांच्या, नळ्यांनी जोडलेल्या पिंजऱ्यात सुमारे तीन महिने ठेवल्या. प्रत्येकीच्या अंगात चिप आणि जागोजागी अँटेना, त्यामुळे कोण कुठे, कधी गेली याची सतत नोंद. सुरुवातीला त्यांच्यात फार फरक नव्हता. दिवस गेले तसा तो रुंदावत गेला: काही जणी सगळीकडे हिंडू लागल्या, काहींनी ठराविक कोपरे धरले. शेवटी मेंदू तपासले तेव्हा जास्त हिंडणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित भागात) नव्या चेतापेशी जास्त निघाल्या. पिंजरा सगळ्यांना तोच, पण प्रत्येकीनं त्यातला आपला वेगळा भाग वापरला. किंचित धीट असलेली जरा पुढे जाते, तिथे तिला नवं काही भेटतं, त्यानं ती आणखी धीट होते. असा लहानसा फरक स्वतःलाच खतपाणी घालतो.

तो पहिला किंचित फरक मात्र कुठून आला? इथे ॲमेझॉन मॉली हा मासा कामी येतो. या जातीत सगळ्या माद्याच. जवळच्या जातीच्या नराचे शुक्राणू फक्त अंड्याची वाढ सुरू करायला लागतात, त्याची जनुकं पिल्लात येत नाहीत. म्हणजे पिल्लं आईच्या नैसर्गिक प्रती. बर्लिनच्या संशोधकांनी (२०१७) अशी पिल्लं जन्मल्याबरोबर एकेकटी, शक्य तितक्या सारख्या टाक्यांत वाढवली. ना भावंडं, ना भांडण, ना वेगळं खाणं. तरी त्यांच्या वागण्यात टिकून राहणारा फरक दिसलाच. नंतरच्या कामात तर जन्माच्या पहिल्या दिवसापासूनच कोण जास्त पोहतं, कोण कमी, हे वेगळं निघालं. फळमाशीत याचा शरीरातला पुरावाही मिळाला: २०२० च्या एका अभ्यासात दृष्टीशी संबंधित काही चेतापेशींची जोडणी डाव्या-उजव्या बाजूला किती असमान आहे, यावरून ती माशी एखाद्या वस्तूच्या दिशेनं किती सरळ चालेल हे सांगता आलं. ती असमानता जनुकांनी नेमून दिलेली नव्हती, मेंदू जोडला जाताना पडली होती.

एक घोळ टाळायला हवा. एकाच जनुकसंचातून वेगळी शरीरं घडतात ती सगळीच नशिबानं नव्हेत. पाण्यातला डॅफ्निया पिसू स्वतःच्या प्रती काढतो, आणि त्याला खाणाऱ्या अळीचा वास पाण्यात असेल तर पिल्लांच्या मानेवर दात उगवतात. मावा दाटी झाली की पंखवाली पिल्लं काढतो. मधमाशीची अळी खाण्यावरून राणी होते की कामकरी. हे नियमानुसार चालणारं काम आहे. तीच परिस्थिती पुन्हा द्या, बहुधा तोच परिणाम मिळेल. वर सांगितलेला योगायोग तसा पुन्हा मिळत नाही.

आता पुन्हा त्या क्लोन मांजराकडे. पैसे मोजून क्लोन करून घेणाऱ्याला काय मिळेल? जातीची ठेवण, बांध्याचा साधारण घाट, आनुवंशिक आजारांची तीच शक्यता, एकरंगी प्राणी असेल तर बहुतेक तोच रंग. ठिपके जुळणार नाहीत, तिरंगी मादी असेल तर रंगही सांगता येणार नाही. स्वभावाचं तर कुणी आश्वासन देऊ नये. २००३ मध्ये क्लोन केलेल्या डुकरांच्या वागण्याची तुलना सामान्य पद्धतीनं जन्मलेल्या डुकरांशी केली, तेव्हा बऱ्याच बाबतींत क्लोन-क्लोनमधला फरक सामान्य पिल्लांतल्या फरकाइतकाच भरला. शिवाय गर्भाशय वेगळं, दूध वेगळं, आणि तुम्हीही आता त्या पहिल्या पिल्लाला वाढवणारे तेच राहिलेले नसता.

प्रयोग करणाऱ्यांना माझं सांगणं जास्त रोखठोक आहे. तफावत दिसली की 'नियंत्रण कमी पडलं' म्हणून परिस्थिती आणखी आवळायचा मोह होतो. त्यानं तफावत फारशी जात नाही आणि वर एक तोटा होतो: निकाल फक्त तुमच्याच खोलीपुरते खरे ठरतात. त्यापेक्षा वेगवेगळ्या वेतांतले, शक्य तर वेगवेगळ्या तुकड्यांतले प्राणी घ्या. एका वेतातली सहा पिल्लं म्हणजे सहा स्वतंत्र नमुने असं समजू नका. वेत हाच घटक धरा आणि आकडेमोडीत तसं मांडा. प्रत्येक उंदराचं वजन उपचाराच्या आधी नोंदवा, कारण उपचारानंतर दिसणारा फरक आधीपासूनच होता का, हे नंतर कुठल्याही सूत्रानं काढता येत नाही. आणि एखादा उंदीर बाकीच्यांपेक्षा फटकून वागतोय म्हणून त्याचा आकडा गाळायच्या आधी विचारा, तो आजारी आहे की नुसताच वेगळा आहे. आजारी असेल तर गाळा, कारण लिहा. नुसता वेगळा असेल तर त्याचा आकडा तक्त्यात राहू द्या.